भेव

धंतोलीतल्या दुसऱ्या मजल्यावर
कूलर वाळ्याचा ओला वास सोडत होता.
जिन्यात भिंतीला हात लावून लावून मी वर पोचलेला.
शलाका मॅडमनी विचारलं,
भीतीला दहापैकी किती मार्क द्याल?
म्हटलं, भीती नाही मॅडम. भेव.
त्या हसल्या नाहीत.
वहीत लिहिलं : भेव. आठ.

बावीस वर्षं लाइनमन.
खांबावर पाय अडकवून
खाली पोरांशी गप्पा मारलेला माणूस मी.
मग हिंगण्याच्या फीडरवर बावणे घसरला.
पक्कड आधी पडली, तिचा आवाज आला.
त्याचा ऐकल्याचं मला आठवत नाही.
तेव्हापासून घरचा बल्ब बायको बदलते,
स्टुलावर चढून,
आणि मी तेवढा वेळ अंगणात काही तरी शोधत असतो.

सहा बुधवार नुसतं बोललो.
बोलल्यानं काय होते, असं घरी म्हणायचो
आणि बुधवारी सकाळीच दाढी करून बसायचो.

सातव्या बुधवारी खोब्रागडे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.
ही झोपेची नाही, म्हणाले. भेव मारायचीही नाही.
दिवसा जे शिकाल, ते ही डोक्यात मुरवते.
लोणच्यासारखं?
तसंच समजा. पण सगळ्यांचं मुरतंच असं नाही,
कोणाला लागू पडली, कोणाला नाही पडली.

पट्टीवरचं नाव मी खाली रस्त्यावर वाचलं.
सायक्लोसेरिन.
हे नाव मेडिकलच्या टीबी वॉर्डात
बाबांच्या उशाशी असायचं,
साध्या गोळ्या हरल्यावर आलेलं.
फार मोठा डोस होता तो.
रात्री बाबा भिंतीवरच्या पालीला
गिरणीतल्या मुकादमाच्या नावानं हाक मारायचे,
पाळी बदलून द्या म्हणायचे.
मला त्यातला कणभर.
भर उन्हात पट्टी हातात धरून
मी ऑटोवाल्याला नाही म्हणालो, तीनदा.

गोळी मॅडमच्या पर्समध्ये राहायची.
आधी बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर वर जायचं,
कठड्याशी उभं राहायचं, मार्क सांगत.
खाली आल्यावर ठरवू, म्हणायच्या,
गोळीला बरंवाईट कळत नाही.
भिऊन उतरलात तर भेवच मुरेल.

पहिल्यांदा मी सरकत्या जिन्यावरूनच परतलो.
नऊ.
गोळी पर्समध्ये गेली.
दुसऱ्यांदा कठडा दिसला,
पण पोटात तीच पक्कड पडली.
गोळी पर्समध्ये.

तिसऱ्यांदा मे महिन्याची दुपार, लोखंड तापलेलं.
रुमाल गुंडाळून कठडा धरला.
नऊ. नऊ. आठ.
मॅडम काहीच बोलत नव्हत्या,
बोलणं झालं होतं ते सगळं जवळ उभं होतं.
आठ. सात.
मग खाली गल्लीतल्या एका खांबावर नजर गेली
आणि मी म्हणालो, कोण्या गाढवानं बांधला तो जंपर?
वारा सुटला की ठिणग्या पडतील तिथं.
पिळा उलटा दिला आहे, बघा,
नाही, तिकडे नाही, थोडं वाकून बघा.

मार्क? मॅडमनी विचारलं.
मी मोजायचं विसरलो होतो.

खाली रसवंतीवर मॅडमनी पर्स उघडली.
गोळी इवलीशी, पाण्यासोबत गेलीसुद्धा.
जंपरची तक्रार मी तिथूनच फोनवर नोंदवली,
खांबाचा नंबर सांगून.

रात्री गच्चीवर नाही झोपलो, तेवढं नाही.
खोलीत पडून वाट पाहिली,
आत काही मुरताना आवाज येतो का.
नुसता कूलरचा पंप.
बाबा, तुम्हाला पाळी बदलून मिळाली का हो?

शनिवारी न्हाणीतला बल्ब गेला.
बायको स्टुलावर चढली.
मी अंगणात गेलो नाही, स्टूल धरून उभा राहिलो,
तिच्या टाचांच्या भेगा पाहत.
ती म्हणाली, हात काहून कापून राहिला तुमचा?
कापू दे, म्हटलं.
चार.